"यूएसए मेड, जेमतेम वापरलेला" पाच तारांचा बास: पैसे परत मागता येतील का?

प्रश्न : वकीलसाहेब, मी लालबागला राहतो, ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो, पोट त्यावरच आहे. जूनअखेरीस मालाडच्या एका माणसाकडून फेंडर कंपनीचा पाच तारांचा जॅझ बास १,१५,००० रुपयांना घेतला. ८५,००० यूपीआयने दिले, ३०,००० रोख. व्हॉट्सॲपवर त्याने लिहिलं होतं : "यूएसए मेड, २०१९चा. जेमतेम वापर. नेक सरळ, ट्रस रॉडला भरपूर वाव. बिल घरी आहे, देतो. जुना माल, रिटर्न नाही." (नेक म्हणजे बासची लांब मान, ट्रस रॉड म्हणजे तिच्या आतली, नट आवळून तिचा बाक सरळ करणारी सळई.) जॅमरूममध्ये वीसेक मिनिटं वाजवून पाहिला. तेव्हा बास एक स्वर खाली लावलेला होता, "आमच्या बँडचं ट्युनिंगच तसं" असं तो म्हणाला. घरी आणून नेहमीच्या सुरात लावला आणि दोन दिवसांत मधल्या फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा उंच झाल्या. ब्रिजवरून (बॉडीवरच्या तारांच्या टेकूवरून) खाली घेतल्या तर बारानंतरच्या फ्रेटांवर बझ, म्हणजे तारांची खरखर. कारागीर म्हणतो, ट्रस रॉडचा नट शेवटापर्यंत आवळलेला आहे, पुढे फिरतच नाही. शिवाय सिरियल नंबर 'एमएक्स'ने सुरू होतो, म्हणजे बास मेक्सिकोचा. विकणारा म्हणतो, पावसाने झालं, तुम्ही बघून घेतला. बिल अजून दिलेलं नाही. गणपतीत कार्यक्रम लागलेत. पोलिसात जाऊ का?

उत्तर : पोलिसांचं पुढे सांगतो. आधी एक काम आजच करा : तो बास वाजवणं थांबवा.

माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम ४२ असं आहे की माल हाती आल्यावर ग्राहक मालकासारखा वागला, किंवा वाजवी मुदतीत नापसंती न कळवता माल ठेवून बसला, तर त्याने तो स्वीकारला असं धरलं जातं. एकदा स्वीकारला की कलम १३(२) प्रमाणे माल परत करण्याचा मार्ग जवळपास बंद होतो आणि फक्त नुकसानभरपाई उरते. गणपतीत दहा कार्यक्रम वाजवून मग "परत घे" म्हणालात, तर समोरचा वकील त्या कार्यक्रमांचे व्हिडिओच दाखवेल. म्हणून आजच व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा : माल वर्णनाप्रमाणे नाही, मी तो नाकारतो आहे, घेऊन जा. रीतसर नाकारलेला माल विक्रेत्याच्या दारात नेऊन टाकण्याची जबाबदारी ग्राहकावर नसते, कलम ४३ तसं स्पष्ट सांगतं. कार्यक्रमांसाठी दुसरा बास भाड्याने घ्या आणि पावती ठेवा. कार्यक्रमांसाठीच बास घेतोय हे खरेदीपूर्वी त्याला लिहून कळवलं असेल, तर ते भाडंही मागता येईल.

आता मुख्य मुद्दा. जुन्या वाद्यात दोष निघाला, एवढ्याने खटला उभा राहत नाही. तुमचा खटला उभा राहतो तो त्याने टाइप केलेल्या वाक्यांवर, आणि त्या वाक्यांचं वजन सारखं नाही.

सगळ्यात भक्कम 'यूएसए मेड'. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही कलम १५ ची अट आहे. विक्रेता दुकानदार असो वा घरचा माणूस, ती सगळ्यांना लागू. मेक्सिकोचा बास नकली नसतो, कंपनीचाच असतो, पण त्याच जातीच्या अमेरिकन बासपेक्षा बराच स्वस्त मिळतो, आणि तुमचं नुकसान त्या फरकात आहे. 'नंबर मागेच छापलेला होता, दिसत होता' असं तो म्हणेल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ चा अपवाद त्याच्या मदतीला येऊ शकतो : साध्या काळजीने खरं कळलं असतं, तर चुकीच्या माहितीच्या आधारे करार रद्द करता येत नाही. पण हा अपवाद निव्वळ चुकीच्या माहितीला आणि गप्प बसण्याला आहे. जाणूनबुजून खोटं सांगितलं किंवा दोष झाकला, तर तो लागू होत नाही. इथे एक तांत्रिक अडचण लक्षात ठेवा. या बासची नेक चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेली असते आणि नंबर असतो हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकावर. म्हणजे नंबर फक्त नेकबद्दल सांगतो. बॉडी अमेरिकन आणि नेक बदललेली, असंही निघू शकतं. ते नेक उतरवून आतले शिक्के पाहिले तरच कळेल, पण आत्ता स्क्रूला हात लावू नका.

दुसरं वाक्य ट्रस रॉडचं. 'वाव आहे' हे मत नव्हे, तपासता येणारी वस्तुस्थिती आहे. बास एक स्वर खाली लावून दाखवणं ही माझ्या मते तुमच्या बाजूची सर्वांत बोलकी गोष्ट आहे. एक पूर्ण स्वर उतरवला की तारांचा ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो, नेक कमी वाकते, आणि वीस मिनिटांत दोष हाताला लागत नाही. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये वस्तुस्थिती सक्रियपणे लपवणं हीही फसवणूक आहे. अर्थात खाली लावणारे बँड खरोखर असतात. त्याच्या जुन्या व्हिडिओंत बास नेहमीच्या सुरात ऐकू आला, तर तेवढा पुरावा जपून ठेवा.

पावसाचा बचाव हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्याचा अंश आहे. मुंबईच्या जुलैत लाकूड ओल धरतं आणि नेक हलते, पण अशी हललेली नेक ट्रस रॉड थोडा फिरवला की जागेवर येते. तुमच्याकडे फिरवायला जागाच उरलेली नाही. हा फरक कारागिराच्या अहवालात आकड्यांनी आला पाहिजे : तारा बी-ई-ए-डी-जी नेहमीच्या सुरात, पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर किती (साधारण ०.३ मि.मी. अपेक्षित असतं), नट किती आवळलेला, पुढे फिरतो का, कोणत्या गेजच्या (जाडीच्या) तारा चढवल्या आहेत. इतक्या कमी दिवसांच्या ओलीने रॉड शेवटाला जाऊ शकतो का, यावर त्याचं जे प्रामाणिक मत असेल ते, आणि दुरुस्तीचा खर्च. नटाखाली वॉशर घालून काम भागेल की नेक बदलावी लागेल, हेही लिहून घ्या. वॉशरवर भागत असेल तर तुमचा हा मुद्दा काही हजारांवर येतो, ते आधी माहीत असलेलं बरं.

अहवाल होईपर्यंत दुरुस्ती नाही. नट सैल केला, तारा बदलल्या, की पुरावा गेला. तपासणीची तारीख विक्रेत्याला तीन-चार दिवस आधी लेखी कळवा, यायचं तर ये म्हणावं. नेक उतरवायची ती त्याच बैठकीत, कॅमेरा चालू ठेवून. तो आला नाही तर अहवालाला उलट जोर येतो.

'जेमतेम वापर' यावर वेळ घालवू नका, ते विक्रेत्याचं कौतुक आहे. फ्रेटांवर तारांच्या खोल खुणा असतील तर फोटो काढून ठेवा, एवढंच.

'रिटर्न नाही' या शब्दांनी तुम्ही घाबरलेले दिसता. माल विक्री अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे कायद्याने गृहीत धरलेल्या अटी पक्षकारांना आपसात वगळता येतात, हे खरं. पण स्वतःच लिहून दिलेलं विधान आणि केलेली फसवणूक त्यामागे लपत नाही.

बिलाचा प्रश्न वेगळा आहे. विकण्याचा हक्क विक्रेत्याला हवा (कलम १४), आणि जो मालक नाही तो सहसा मालकी देऊ शकत नाही (कलम २७). बास चोरीचा निघाला तर तुम्ही प्रामाणिक असूनही तो पोलीस जप्त करतील. बिल कधी देणार हे पुन्हा लेखी विचारा. त्याच संदेशात रोख ३०,००० मिळाल्याचं त्याच्याकडून वदवून घ्या. नोटीस गेल्यावर तो ते कबूल करणार नाही. एटीएममधून काढले असतील तर बँकेची नोंद जोडा. चॅट एक्स्पोर्ट करा, मूळ फोन फॉरमॅट करू नका, त्याने ऑनलाइन जाहिरात टाकली असेल तर तो ती काढून टाकण्याआधी तिचे स्क्रीनशॉट घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र याला लागेल. ते दोन भागांत असतं, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते.

आता दाद कुठे मागायची, तर आधी त्याच्या प्रोफाइलवर अजून किती वाद्यं विकायला आहेत ते मोजा. दर महिन्याला चार-सहा बास-गिटार विकत असेल तर तो व्यापारी आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा रस्ता खुला होतो. तुम्ही राहता त्या भागाच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. बास वाजवून पैसे मिळवता म्हणून 'व्यावसायिक वापर' असा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठीच घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे, हे उत्तर. आयुष्यात एकदाच बास विकणारा असेल तर मात्र ग्राहक आयोगात टिकणं कठीण. मग शहर दिवाणी न्यायालय, मुदत तीन वर्षं. सव्वा लाखाच्या आतल्या रकमेसाठी तो दावा मला परवडणारा वाटत नाही. त्यापेक्षा आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज करा.

पोलिसांकडे जाता येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि अहवाल हातात नसताना गेलात तर "दिवाणी बाब आहे" असं ऐकून परत याल. तोच नंबर, तेच फोटो घेऊन त्याने आणखी कुणाला गंडवलं असेल, किंवा बिलाचा पत्ताच नसेल, तर मग थांबू नका. "पैसे दे नाहीतर केस करतो" असे संदेश मात्र पाठवू नका. त्याचं नाव-फोटो टाकून 'चोर' म्हणून पोस्टही नको, बदनामीची तक्रार उलट तुमच्यावर येईल. वैतागून बास दुसऱ्याला 'अमेरिकन' म्हणून विकणं तर अजिबात नको. आता तुम्हाला खरं माहीत आहे, त्यामुळे फसवणूक तुमची ठरेल.

अहवाल आला की नोटीस. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, शिवाय व्हॉट्सॲपवर. त्यात त्याची वाक्यं शब्दशः, अहवालातले आकडे, करार रद्द करत असल्याचं स्पष्ट विधान, १,१५,००० रुपये आणि खर्च पंधरा दिवसांत परत करण्याची मागणी. पर्यायी मागणी म्हणून अमेरिकन आणि मेक्सिकन बासच्या किमतीतला फरक अधिक नेकचा खर्च. या फरकासाठी धोबी तलावच्या एखाद्या वाद्यदुकानातून दोन्हींच्या किमतीचं लेखी कोटेशन घ्या. पहिली मागणी फसली तरी दुसरी उभी राहते, म्हणून दोन्ही एकाच नोटिशीत हव्यात.

तो परत घ्यायला तयार झालाच, तर रक्कम बँकेतून घ्या, रोख भागासह. पैसे जमा झाल्यावरच बास द्या आणि पावतीवर सिरियल नंबर, केस आणि सोबतच्या वस्तू लिहून त्याची सही घ्या. 'पूर्ण व अंतिम' हे शब्द तो आधीच लिहून मागेल. सगळी रक्कम खात्यात दिसेपर्यंत ते लिहून देऊ नका.