आईकडून मृत्युपत्र लिहून घ्या, मगच विमानात बसा

ताई, दोन मुलांना घेऊन लंडनला निघण्याआधी बेळगावजवळच्या खानापूरचं घर, शेत, आईच्या नावचं सगळं कसं मार्गी लावावं, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा आणि टॅक्सचं सरकारी वेबसाइटवर मिळेल, ते सोडतो.

आधी आईचं मृत्युपत्र. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही हवी. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, तरी कराच. बँकेत नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच. आणि शेत घाईनं विकू नका. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन वारशानं मिळते, विकत घेता येत नाही.

मग पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कन्नड येणाऱ्याकडून अक्षर-अक्षर वाचून घ्या. मी मराठी शाळेतला. आमच्या येळ्ळूरच्या भातशेताच्या पहाणीत आप्पांचं नाव 'लकमण्णा' आहे, हे ते गेल्यावर कळलं. दाखल्यावर 'लक्ष्मण'. दोघं एकच हे पटवून वारसा लागेपर्यंत दीड वर्ष गेलं. प्रत्येक खेपेला नवा कागद मागायचे. अजून डोकं तापतं.

एकटेपणाचंही विचारलंत. कामाला लागलं की जातो.

आप्पा दोनदा फोनवर म्हणाले होते, मृत्युपत्र करूया, वडगावचं घर बहिणीच्या नावे करतो. आठ वर्षं तिनंच त्यांचं केलं. मीच म्हटलं, असलं अभद्र कशाला बोलता, माझ्याकडे तुमचं मुखत्यारपत्र आहे की! ते गेले त्या क्षणी ते मुखत्यारपत्र संपलं. घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं, कागद नाही, म्हणून १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, बहीण, मी, तिघांना सारखा वाटा.

माझा वाटा बहिणीला सोडायचा तर मी परदेशात, म्हणून इथल्या भारतीय उच्चायुक्तालयात मुखत्यारपत्रावर सही करायची, बेळगावला पाठवायचं, पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प भरायचा. मग तिकडे हक्कसोडपत्र रजिस्टर होतं. चार वर्षं झाली, मी केलेलं नाही. रजा नाही, असं तिला सांगतो. खरं ते तुम्हालाच लिहितोय. ते घर सुटलं की बेळगावात उतरून कुठं जायचं, हे मला कळत नाही.

बहीण दर गणपतीला फोन करते. घराचं नाव काढत नाही.