बुलेटिन वाचते, पण मीटिंगमध्ये घसा आवळतो

"मॅडम, रोज संध्याकाळचं बुलेटिन वाचते, एक शब्द अडखळत नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये मात्र तोंडच उघडत नाही. माझ्यात आत्मविश्वास नाही का?"

सोलापुरातल्या एका स्थानिक वाहिनीवरची 26 वर्षांची वृत्तनिवेदिका. घर शहराच्या पूर्व भागात, घरी तेलुगू, आई विड्या वळणारी. (तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.)

आत्मविश्वासाचं नाव निघालं की मी आधी विचारते, शेवटचं कधी बोललीस आणि तेव्हा काय झालं? तिला दिवससुद्धा आठवत होता. नवीन असताना मीटिंगमध्ये ती म्हणाली होती, "सर, मी फोन करलाले त्यांना." (सोलापुरी बोलीत 'करतेय'.) सगळे हसले. सर म्हणाले, "आधी भाषा सुधार, मग बातम्या सुचव." त्यानंतर दोन वर्षं तिनं फक्त समोर आलेलं वाचलं.

बुलेटिनला प्रमाण मराठी लागते, मान्य. पण बातमी सुचवायला कशाला? ज्या शहरात एका बोळात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडतात, तिथं बोलीवरून माणसाला गप्प करणं मला फार लागतं.

भीती वाटली की श्वास छातीत वरच्या वर राहतो, घशाचे स्नायू ताठ होतात, आवाज बारीक होतो. कॅमेऱ्यापुढे असं होत नव्हतं, कारण तिथं प्रॉम्प्टरवर शब्द तयार असतात आणि मधेच कुणी तोडत नाही. म्हणजे दोष आवाजात नव्हता.

मी विचारलं, ऑफिसात कुणाला माहीत नाही असं तुला काय माहीत आहे? ती 'छाट'बद्दल बोलायला लागली. आईनं वळलेल्या विड्यांतून कारखान्यात बाजूला काढल्या जाणाऱ्या, ज्यांचे पैसे मिळत नाहीत त्या विड्या. बोलताना तिची बोटं नकळत पान वळत होती. आवाज खाली उतरला होता, भरदार. मी तिच्याच फोनवर रेकॉर्ड करून तिला ऐकवलं. ती बराच वेळ फोनकडे बघत बसली.

मग तालीम. दोन ओळी कागदावर लिहायच्या. मीटिंग सुरू झाल्या झाल्या बोलायचं, कारण थांबावं तसा घसा जास्त आवळतो. आधी एक लांब श्वास सोडायचा. कुणी तोडलं तर, "सर, माझं एक वाक्य राहिलंय." सर मी झाले आणि मुद्दाम तोडत राहिले. पहिल्या दिवशी ती प्रत्येक वेळी "सॉरी" म्हणाली. चौथ्या भेटीत वाक्य पूर्ण केलं आणि रडली.

(टिंगल कपड्यांवर, शरीरावर गेली तर तो वेगळा विषय. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.)

छाटची बातमी तिनं मांडली. सरांनी तोडलं. तिनं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. बायकांचे बाइट तिनं स्वतः तेलुगूत घेतले, खाली मराठी पट्टी दिली. छातीत अजून धडधडतं, सर अजून भाषेवरून बोलतात.

आता तिला आठवड्यातून दोन दिवस रिपोर्टिंग मागायचं आहे. त्याची तालीम परवा साडेचारला.