अडलेला लिशियन शब्द कसा वाचावा

लिशियन ही आजच्या तुर्कस्तानच्या नैऋत्य भागातली प्राचीन भाषा. तिच्यातला शब्द अडला की आपण मराठी माणसं आधी संस्कृताकडे धावतो. तो मोह आवरा. थडग्यांवरच्या लेखांत 'लादा' वाचून तुम्हाला लाडकी आठवली, ते साहजिक आहे. पण 'लादा' म्हणजे पत्नी हा अर्थ ग्रीक-लिशियन द्विभाषिक लेखांवरून ठरलाय, ध्वनिसाम्यावरून नाही. उलट 'एस्बे' म्हणजे घोडा, आणि तो आपल्या 'अश्वा'चा खरा सगोत्र आहे. दिसायला मात्र 'लादा'च जवळची वाटते!

म्हणून आधी शब्दाची जागा पाहा. थडग्यांचे लेख साच्यातले असतात: हे थडगं, अमक्याने बांधलं, 'हृप्पि लादि एह्बि', म्हणजे आपल्या पत्नीसाठी, आणि मुलांसाठी. अनोळखी शब्द 'मुलं' येतात त्या जागी असेल, तर तो बहुधा नात्याचा. मग प्रत्यय तपासा, तोच शब्द आणखी कुठे येतो ते शोधा. व्युत्पत्ती सगळ्यात शेवटी.

१९७३ साली लेतून या लिशियातल्या प्राचीन स्थळी मिळालेला त्रैभाषिक (लिशियन, ग्रीक, अरामी) लेख नीट अभ्यासाच. त्यातला ग्रीक मजकूर लिशियनच्या बराच जवळून जातो, अरामी मात्र आपल्या वाटेने जातो. अरामीवरून शब्दाला शब्द जुळवू नका. या लेखात 'क्षत्रप (प्रांताचा सुभेदार) होता' या अर्थाचं लिशियन क्रियापद आहे, मूळ इराणी. नाशिकच्या लेण्यांत नहपानाला लावलेली क्षत्रप पदवीही त्याच मुळाची. असे उसने शब्द वेगळे काढून ठेवा, कारण लिशियनच्या स्वतःच्या ध्वनिनियमांसाठी ते पुरावा म्हणून चालत नाहीत.

शब्द एकदाच आला असेल, तर प्रश्नचिन्हासह अर्थ लिहा आणि पुढे चला.