‘चेहरा’ हा शब्द कुठून आला, आणि ‘तोंड’ म्हणणं खरंच गावंढळ आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘चेहरा’ या शब्दाचा उगम काय, आणि त्याच्यासमोर ‘तोंड’ हा शब्द गावंढळ वाटतो म्हणून टाळावा का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: मुळीच टाळू नका. त्याची कारणं पहिल्या प्रश्नाच्या पोटातच आहेत.

‘चेहरा’ आपल्याकडे फारसीतून आला. मध्य फारसीत त्याचं रूप ‘चिह्र’ असं होतं आणि त्याच्याही मागे अवेस्तातलं ‘चिथ्र’. अवेस्ता ही पारशी धर्मग्रंथांची भाषा, संस्कृतची अगदी सख्खी बहीण. तिच्यात जिथे ‘थ्र’ येतो तिथे संस्कृतात बहुधा ‘त्र’ सापडतो. तेव्हा ‘चिथ्र’च्या जागी संस्कृतात ‘चित्र’ असायला हवा, आणि तो आहेच. वैदिक भाषेत ‘चित्र’ हे आधी विशेषण होतं: तेजस्वी, ठळक, नजरेत भरणारं. काढलेली किंवा रंगवलेली आकृती हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

इराणी भाषांमध्ये पुढे या ‘थ्र’चा ‘ह्र’ झाला. हा बदल एकट्या ‘चेहऱ्या’पुरता नाही. संस्कृत ‘मित्र’चा जोडीदार ‘मिथ्र’, त्याचा झाला ‘मेह्र’, आणि तोच आपल्या ‘मेहेरबान’मध्ये येऊन बसला. संस्कृत ‘क्षत्र’ म्हणजे सत्ता. त्याचा इराणी जोडीदार ‘ख्शथ्र’, त्याचा झाला ‘शह्र’, म्हणजे आपलं ‘शहर’. चित्र आणि चेहरा, मित्र आणि मेहेर, क्षत्र आणि शहर. हे भाऊ फार पूर्वी दुरावले आणि शेवटी मराठीत एकाच वाक्यात शेजारी बसू लागले. ‘चेहरा परका, चित्र आपलं’ असं कुणी म्हणालं की म्हणूनच मला राहवत नाही.

जुन्या इराणी ‘चिथ्र’ला आणखी एक अर्थ होता: बीज, वंश. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून इराणच्या सासानी घराण्यातल्या राजांच्या नाण्यांवर ‘ज्याचं चिह्र देवांपासून आहे’ अशी बिरुदावली येते. तिथे ‘चिह्र’ म्हणजे तोंडवळा नाही, कूळ आहे. पुढच्या फारसीत मात्र दिसण्याचा अर्थ वरचढ ठरला आणि तोच घेऊन हा शब्द इकडे आला.

मराठीत तो आला तो दरबार, फौज आणि दफ्तराच्या वाटेनं. मोगली फौजेत घोड्याला डाग देत आणि स्वाराचं वर्णन कागदावर लिहून ठेवत: रंग, बांधा, अंगावरच्या खुणा. त्या वर्णनाच्या नोंदीलाच ‘चेहरा’ म्हणत. हजेरीच्या वेळी भलताच माणूस किंवा भाड्याचा घोडा उभा करू नये म्हणून ही खबरदारी. ‘चेहरेपट्टी’ हा आपला शब्द याच व्यवहारातला. आज आपण त्याचा अर्थ नाकडोळ्यांची ठेवण असा करतो. मुळात ती ओळख पटवण्यासाठी केलेली नोंद होती. नाण्यांच्या व्यवहारातही हा शब्द शिरला. ज्या रुपयावर राजाचा किंवा राणीचा चेहरा असे तो ‘चेहरेशाही’ रुपया.

आता ‘तोंड’. हा संस्कृत ‘तुण्ड’पासून प्राकृतातल्या ‘तोंड’मार्गे आलेला शब्द. तुण्ड म्हणजे चोच, सोंड, जनावराचं मुस्कट. गणपतीच्या ‘वक्रतुंड’ या नावात तो आजही जसाच्या तसा आहे. मूळ अर्थ चोचीचा आहे म्हणून माणसाला लावणं कमीपणाचं, असा तर्क कुणी काढेल. पण अमरकोश, म्हणजे अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश, उघडून पाहा. माणसाच्या तोंडाची नावं देताना अमरसिंह लिहितो: ‘वक्त्रास्ये वदनं तुण्डमाननं लपनं मुखम्’. वक्त्र, आस्य, वदन, तुण्ड, आनन, लपन, मुख अशी सात नावं, आणि त्यांत तुण्ड वदनाच्या आणि आननाच्या मधोमध मानानं बसलेलं आहे.

या ओळीत मला त्याहून मोठी गोष्ट दिसते. वदन ‘वद्’पासून, म्हणजे बोलण्यावरून. वक्त्र ‘वच्’पासून, तेही बोलण्यावरूनच. लपन ‘लप्’पासून, पुन्हा बोलणं. आनन ‘अन्’पासून, म्हणजे श्वास घेण्यावरून. आपल्या पूर्वजांनी अख्ख्या मुद्रेला नाव दिलं ते ती काय करते यावरून, आणि ते काम करणारा अवयव म्हणजे तोंड. म्हणून ‘मुख’ म्हणजे तोंडही आणि चेहराही. लॅटिनमध्येही ‘ओस’ या एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ होतात. ‘चेहरा’ वेगळ्या बाजूनं आला. तो बघणाऱ्याच्या डोळ्यांतून आला. जे नजरेत भरतं ते चिथ्र.

मराठीनं हा फरक बोलण्यात फार सुंदर जपला आहे. चेहरा पडतो, उतरतो, खुलतो, उजळतो. हे सगळं आपोआप होतं आणि समोरच्याला दिसतं. तोंड मात्र आपण फिरवतो, फुगवतो, वाकडं करतो, लपवतो, उघडतो, सांभाळतो. तिथे करणारा माणूस हजर असतो. नियम काटेकोर नाही. ‘तोंड उतरलं’ असंही म्हणतात आणि कुणी ‘चेहरा पाडून’ही बसतं. पण शंभर वाक्यं कानावर पडली की कल कळतो. संकटाला आपण तोंड देतो, चेहरा देत नाही. परीक्षा तोंडावर येते. खरं ते तोंडावर सांगतो. धडा तोंडपाठ होतो, साक्ष तोंडी होते, नव्या विषयाची तोंडओळख होते. थप्पड गालावर बसते तरी ‘तोंडात मारली’ म्हणतो, आणि जरा थाटात सांगायचं असेल तर ‘श्रीमुखात भडकावली’. यांतल्या एकाही जागी ‘चेहरा’ बसवून बघा, वाक्य मोडतं.

उलट ‘ओळखीचा चेहरा’, ‘बोलका चेहरा’, ‘पक्षाचा नवा चेहरा’ इथे ‘तोंड’ चालणार नाही, कारण तिथे दुसऱ्याला काय दिसतं याला महत्त्व आहे. ‘चेहरामोहरा’ही त्याच जातीचा. मोहरा म्हणजे समोरची बाजू, आपण ‘मोहरा वळवला’ म्हणतो तोच. ‘थोबाड’ मात्र सरळ हिणवणारा शब्द आहे, त्याची गफलत ‘तोंडा’शी करू नका.

‘तोंड’ खालच्या दर्जाचं वाटू लागण्यात अलीकडच्या जाहिरातींचा हात असावा असं मला वाटतं. साबण आणि क्रीम विकताना सगळीकडे ‘चेहरा धुवा’ असंच लिहिलेलं असतं. त्यात व्याकरणाची चूक नाही. पण सकाळी उठल्यावर मराठी माणूस तोंड धुतो. त्यात कपाळ, गाल, डोळे, चूळ भरणं सगळं आलं. हे सगळं एका शब्दात सामावून घेणारा शब्द आपल्याकडे असताना तो संकोचानं मागे सारू नये, असं मला मनापासून वाटतं. लिहिताना अडखळलात तर एवढंच पाहा: वाक्यात कुणी बघतंय की कुणी काही करतंय? बघत असेल तर चेहरा लिहा, करत असेल तर तोंड.