डायलिसिस, पाण्याचे बंधन आणि घरातले खटके

वडिलांचे डायलिसिस सुरू झाल्यापासून पाण्यावरून आईचे आणि त्यांचे रोज खटके उडतात, घर थकून गेले आहे, काय करावे, असे आपण विचारले आहे. माझे सासरे काही वर्षे हिमोडायलिसिसवर (यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर) होते, त्यामुळे ही भांडणे मी जवळून पाहिली आहेत.

माझे स्पष्ट मत असे की, पाणी मोजण्याचे काम आईंकडून काढून वडिलांच्याच हाती द्यावे. जन्मभर सर्वांना आग्रहाने वाढत आलेल्या बाईवर नवऱ्याच्या हातातले फुलपात्र काढून घेण्याची पाळी आली की ती पहारेकरी ठरते आणि तो चोरून पिऊ लागतो. आमच्याकडे डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवसभराचे पाणी सकाळी बाटलीत भरले जाई. गोळ्या त्याच पाण्याबरोबर घ्यायच्या, आणि चहा, ताक किंवा आमटी घेतली की तेवढे पाणी सासरे स्वतः बाटलीतून ओतून टाकत. हे प्रमाण सहसा आदल्या दिवशीची लघवी अधिक सुमारे 500 मिलिलिटर असते, पण तुमच्या वडिलांचा आकडा त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टकडूनच (मूत्रपिंडतज्ज्ञाकडूनच) घ्यावा. वजनही रोज सकाळी त्यांनीच करावे, कारण एका रात्रीत किलोभर वाढ झाली तर ते जवळजवळ लिटरभर साठलेले पाणीच असते. दोन डायलिसिसच्या मध्ये असे पाणी फार साठले, तर ते चार तासांत काढताना रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात आणि माणूस घरी येऊन नुसता पडून राहतो. त्या संध्याकाळच्या चिडचिडीला स्वभावाचा दोष समजू नये.

मात्र लोणचे, पापड आणि फरसाण चालू ठेवून पाणी तोडणे हा रुग्णावर जुलूम आहे, कारण तहान मिठामुळे वाढते. मीठ कमी करायचे म्हणून बाजारातले लो-सोडियम मीठही आणू नये. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, आणि निकामी झालेल्या मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नसल्याने ते रक्तात वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. भेटायला येणारे प्रेमाने शहाळी आणतात, तीही याच कारणाने धोक्याची. हे नातेवाइकांना मुलांनी एकदाच नीट सांगावे, म्हणजे दर वेळी आईंना वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडून केलेली जागा) असेल, तर तेथील थरथर रोज बोटांनी तपासावी आणि ती थांबल्यास लगेच डायलिसिस केंद्राला कळवावे. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा किंवा सुई लावू देऊ नये.

खर्चासाठी जिल्हा रुग्णालयातील डायलिसिस केंद्रात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणाऱ्या मदतनिसाकडे) चौकशी करावी. मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा बहुतेक वेळा पत्नीकडे वळतात, हे मला फार अन्यायाचे वाटते. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याने अवयव देण्यासाठी भावंडे आणि मुलेही जवळच्या नात्यात मोडतात, म्हणून सर्वांनी डॉक्टरांसमोर एकत्र बसून बोलावे, आणि आईंना मनातले सांगता यावे यासाठी त्यांची डॉक्टरांशी वेगळी भेटही ठरवावी.

डायलिसिससाठीच्या आठवड्याच्या तीन फेऱ्यांपैकी किमान एक फेरी दुसऱ्या कोणीतरी घ्यावी, आणि त्या मोकळ्या दिवशी आईंनी स्वतःचा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.