घसरलेल्या आकड्याबद्दल

प्रिय विद्यार्थिनीस,

फोटोवरून रोग ओळखणाऱ्या तुझ्या मॉडेलची (संगणकाला शिकवून केलेल्या प्रोग्रॅमची) अचूकता ९८ टक्क्यांवरून ७१ वर आली म्हणून विषयच सोडायचा म्हणतेस, हे वाचून आधी वाईट वाटलं, मग राग आला. सांगोल्याच्या डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे फोटो तू या वेळी बागेनुसार वेगळे केलेस. शिकवायला एक बाग, तपासायला दुसरी. हेच तर करायचं होतं! आधी एकाच झाडाचे फोटो दोन्हीकडे होते. मॉडेल रोग ओळखत होतं की झाड? आकडा कशाचा आहे, ते आधी विचार.

प्लांटव्हिलेज या पिकांच्या पानांच्या फोटोसंग्रहातल्या ५४,३०६ फोटोंवरचा २०१६चा पेपर तू वाचला आहेस. त्यातले ९९.३५ टक्के सगळ्यांना पाठ असतात. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली, हेही लेखकांनी त्याच पेपरात लिहिलंय. ते सांगणारे कमी भेटतात.

रविवारी सर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर काय करतात, म्हणून तुम्ही हसता. बिनइंजिनाचं ग्लायडर वर खेचणाऱ्या विंचचा दोर सुटला की वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, शोधायची, तिच्यात घिरट्या घालायच्या. भिस्त व्हेरिओमीटरच्या काट्यावर. पण साध्या व्हेरिओमीटरला फक्त उंची वाढतेय की घटतेय एवढंच कळतं. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, मागे ओढून वेग ताशी ११० किलोमीटरवरून ८० वर आणलास, तर वीसेक मीटर उंची अशीच मिळते. काटा खुशाल वर, हवा मात्र ढिम्म. वैमानिक याला ‘स्टिक थर्मल’ म्हणतात. म्हणून टोटल एनर्जीची नळी बसवतात, वेगातून आलेली उंची काट्यावर दिसू नये यासाठी. तुझे ९८ म्हणजे स्टिक थर्मल. बागेनुसार वाटणी ही तुझी नळी.

२०१८ मध्ये गौतम रेड्डी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात दोन मीटर पंखांच्या ग्लायडरला रीइन्फोर्समेंट लर्निंगने, म्हणजे करून बघत आणि जमलं की बक्षीस देत, थर्मल पकडायला शिकवलं. लोक अल्गोरिदमचं कौतुक करतात. मला भावतं ते मोजमाप: वाऱ्याचा उभा प्रवेग आणि ग्लायडरला एका अंगावर कलंडवणारा जोर, दोन्ही उडता उडता अचूक काढायचे. आकडा कशाचा, हे आधी ठरलं, शिकणं नंतर.

माझे पेपर कमी आहेत, बढतीही उशिरा मिळाली. माझा एक विद्यार्थी या हट्टाला कंटाळून दुसऱ्या गाइडकडे गेला, त्याची पीएचडी वेळेत झाली. त्याला मी नंतर एक फोनही केला नाही, ते सलतं. पण तुझा आकडा कशाचा, हे त्याला आजही विचारीन. खडूस म्हणतात मला. म्हणोत! पहिल्या वर्षाच्या पोरांनाही प्रोग्रॅम ‘चालला’ म्हणून मी गुण देत नाही. कुठल्या इनपुटवर चालला, ते दाखव म्हणतो.

डेडलाइन जवळ आहे, मान्य. सोमवारी ये. चुकलेले फोटो बागेनुसार लावून आण, कुठल्या वेळी काढलेत तेही लिही. सकाळचं दव आणि दुपारचं ऊन यांत काहीतरी गडबड आहे असा मला संशय आहे. पेपरात ७१च टाक. रिव्ह्यूअरने नाक मुरडलं तर उत्तर दोघं मिळून लिहू. आणि जेवून ये, उपाशी पोटी वाद घालतेस तू.

— सर