डाउनलोड डी ड्राइव्हवर, मग सी का भरतो?

प्रश्न: माझा सी ड्राइव्ह 120 जीबीचा एसएसडी आहे आणि डी म्हणजे 1 टीबीची हार्ड डिस्क. क्यूबिटटोरेंटमध्ये (टोरेंटने मोठ्या फाइल्स उतरवायचा प्रोग्राम) सेव्हची जागा डी करून ठेवलीय तरी 20-25 जीबीचं काही लावलं की सी लाल होतो, वर 100 टक्के झाल्यावरही बराच वेळ डिस्क फिरत राहते. असं का? आणि आधी सीवर उतरवलेलं सगळं डीवर कसं न्यायचं?

उत्तर: तुमचं सेटिंग चुकलेलं नाहीये, ते अर्धंच झालंय. या प्रोग्राममध्ये जागा दोन असतात, एक पूर्ण झालेल्या फाइलची आणि दुसरी अर्धवट फाइलची, आणि तुम्ही बहुतेक पहिलीच बदललीय. टूल्समधून ऑप्शन्स उघडा, डाउनलोड्सवर जा, तिथे डीफॉल्ट सेव्ह पाथच्या जवळच कीप इनकम्प्लीट टोरेंट्स इन असं लिहिलेलं दिसेल, त्यावर टिक असेल आणि पुढे सीचा पत्ता असेल तर चोर सापडला. 25 जीबी आधी सीवर गोळा होतात आणि संपल्यावर डीवर जातात, म्हणून शेवटी ती डिस्क फिरते.

आता टिक काढून टाका किंवा तिथे डीवरचाच एखादा फोल्डर द्या, मला दुसरं जास्त आवडतं कारण अर्धवट माल वेगळा राहतो आणि चुकून कोणी उघडत नाही. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवायची असेल तर विंडोज फक्त तिचा पत्ता बदलतं, डेटा जागचा हलत नाही, म्हणून ते क्षणात होतं. ड्राइव्ह बदलला की मात्र एकेक बाइट कॉपी करून मग जुनी फाइल पुसावी लागते. म्हणून दोन्ही जागा एकाच ड्राइव्हवर ठेवा, एवढं केलंत तरी निम्मा त्रास जातो.

जुन्या फाइल्स एक्स्प्लोररमधून कट-पेस्ट करू नका प्लीज!! प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो आणि फाइल्स मिसिंग म्हणतो. यादीत राइट क्लिक करून सेट लोकेशन निवडा, तो स्वतः हलवेल आणि लक्षातही ठेवेल. आधीच हलवून बसला असाल तरी घाबरू नका, सेट लोकेशनने नवी जागा दाखवा आणि फोर्स रीचेक करा, असलेला डेटा तपासून तो तिथूनच पुढे चालू करतो.

प्रश्न: टेम्प फोल्डरमधलं (विंडोज तात्पुरत्या फाइल्स ठेवतं ते) सगळं उडवलं तर चालेल का? आणि डाउनलोड थेट पेनड्राइव्हवर घेऊ का?

उत्तर: टेम्पमधलं उडवा, पण आधी चालू प्रोग्राम बंद करा, आणि एखादी फाइल वापरात आहे म्हणून विंडोज नाही म्हणालं तर स्किप करा, तिच्या मागे लागू नका. ब्राउझरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये क्रोमच्या सीआरडाउनलोड किंवा फायरफॉक्सच्या पार्ट नावाने संपणाऱ्या फाइल्स दिसतील, ती अर्धवट डाउनलोड्स असतात, चालू नसतील तर काढून टाकायला हरकत नाही.

पेनड्राइव्हचं म्हणाल तर आधी त्याचं फॉरमॅट, म्हणजे त्यावर फाइल्स साठवायची पद्धत, बघा, फॅट32 असेल तर 4 जीबीची एक फाइलसुद्धा त्यावर मावत नाही, कितीही जागा रिकामी असली तरी. एक्सफॅट किंवा एनटीएफएसला ही अडचण नाही, फक्त फॉरमॅट बदलताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी कॉपी काढून ठेवा. तरी मी म्हणेन डाउनलोड आतल्या डिस्कवरच करा आणि पूर्ण झालं की पेनड्राइव्हवर टाका, कारण मध्येच तो कोणी ओढून काढला तर त्यावरच्या बाकीच्या फाइल्सही खराब होऊ शकतात.